रेपो दर घटूनही 2025 मध्ये गिल्ट फंड का घसरले? आता पैसे ठेवावेत का?
गिल्ट फंड म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणारे म्युच्युअल फंड, आणि रोखेबाजार पुढच्या अंदाजावर चालतो. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते, तो दर) अर्धा टक्का घटवून 5.50 टक्क्यांवर आणला खरा, पण त्याच दिवशी धोरणाची भूमिका ‘तटस्थ’ केली, म्हणजे दर पुढे घटतीलच असं नाही. पुढच्या कपातीची आशा मावळली. ऑगस्टमध्ये जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि सरकार जादा कर्ज काढेल, ही धास्ती बसली. लांब मुदतीच्या रोख्यांचं यील्ड (बाजारभावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा) चढलं, म्हणजेच किमती पडल्या. फंडाचं ड्युरेशन (यील्ड बदललं की किंमत किती हलते, याचं माप) 10 असेल, तर यील्ड पाव टक्का वाढलं की एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) साधारण अडीच टक्के उतरते!

दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा कृपा करून गिल्ट फंडात ठेवू नका. दहा वर्षं थांबणार असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ पोर्टलवरून सरकारी रोखे घेऊन मुदतीपर्यंत धरा.