पायाला हात लागला नाही तरी चालतंय की

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निपाणीची. योगा टीचरचा महिन्याचा कोर्स केला आणि गल्लीतल्या देवळाच्या मंडपात संध्याकाळी बायकांची बॅच चालू केली. चौदाजणी यायच्या, बहुतेक विड्या वळणाऱ्या, आता पाचच उरल्यात. कोर्समध्ये शिकवलं तसं बारा सूर्यनमस्कार घेते, मग आसनं, पण म्हणतात मनगटं दुखायलेत, पायाला हात लागत नाही, आम्हाला जमायचं नाही. परवा शवासनात एक अक्का रडायलाच लागल्या, मला काही सुचेना, लाईट लावून क्लास बंद केला. माझं चुकतंय कुठं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी त्या अक्काच डोळ्यासमोर आल्या, म्हणून तिथनंच सुरू करते. दिवसभर मांडीवर सूप, पानं कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा, डोक्यात हजार विड्यांचा हिशेब, वर घरचा स्वयंपाक, अशा बाईला कुणी काही मागत नाही अशी दहा मिनिटं कधी मिळाली असतील सांगा बघू? अंग सैल सोडलं की काहींच्या डोळ्यात पाणी येतं, घाबरू नका. लाईट लावायची नाही, सगळ्यांसमोर काय झालं म्हणून विचारायचं नाही. अंगावर चादर टाका, डोळे उघडे ठेवले तरी चालतंय म्हणा, सावकाश उजव्या कुशीवर वळू दे, आणि सगळ्या गेल्यावर हळूच विचारा, बरं वाटतंय काय अक्का? सारखंच तसं व्हायला लागलं, झोप उडाली, जेवण जाईना झालं तर मात्र त्यांना घेऊन डॉक्टरकडं जा, ते काम आसनांचं नव्हे.

आता सूर्यनमस्कार. विड्या वळणारी बाई तासन्‌तास पुढं वाकूनच बसलेली असते, मान खाली, बोटं आवळलेली. तिलाच संध्याकाळी परत पुढं वाकवायचं आणि त्याच मनगटांवर अंगाचा भार टाकायचा म्हटल्यावर दुखणारच की! महिनाभर सूर्यनमस्कार बाजूला ठेवा. आधी मुठी उघडा-मिटा, मनगटं फिरवा, खांदे मागं घ्या. मग भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि हात भिंतीवरनं जातील तितकेच वर. शेवटी आडवं पडून पोटऱ्या खुर्चीवर. श्वासाचं काही घ्यायच्या आधी हात धुवायला लावा, लुगड्यावरची तंबाखूची भुकटी झटकायला लावा, आणि मंडपाच्या मोकळ्या बाजूला बसवा. कपालभाती नको, श्वास रोखायचा तर अजिबात नको, नुसता लांब सोडायचा.

पतंजलींनी आसन कसं असावं ते दोन शब्दांत सांगितलंय, स्थिर आणि सुख. त्यात पायाला हात लागायलाच पाहिजे असं कुठं आहे? बी. के. एस. अय्यंगार आपल्याच कर्नाटकातले, 1918 साली कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरला जन्मले, लहानपणी सतत आजारी, 1937 ला पुण्यात शिकवायला आले आणि पुढं खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे वापरून ज्यांना वाकता येत नाही त्यांनाही आसनं करायला लावली. तुमच्याकडं ठोकळे नसतील तर घडी घातलेलं घोंगडं घ्या, जुन्या साडीचा पट्टा करा.

मी बेळगावच्या अनगोळात नवीन शिकवत होते तेव्हा एका मावशींचा गुडघा हातानं दाबून खाली बसवला होता, त्या परत आल्याच नाहीत, आजही ते मनाला लागतंय. तेव्हापासनं विचारल्याशिवाय मी कुणाला हात लावत नाही. सूचना पण कमी देते, "आता कुठं ताण जाणवतोय?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. आपल्याकडं बॅचमध्ये निम्म्या कन्नड बोलणाऱ्या असतात, त्यांना श्वास म्हणजे "उसिरु" म्हणून सांगा, "सावकाश" मात्र दोन्ही भाषांत चालतंय, तो शब्द भरपूर वापरा. आणि ज्या नऊजणी यायच्या थांबल्यात त्यांच्या घरी एकदा जाऊन या, क्लासला या म्हणायला नव्हे, त्या कुठं आणि कशा बसून विड्या वळतात ते बघायला. पुढच्या महिन्याचा क्लास तिथंच ठरेल.

प्रश्न : वय 62, खानापूर. बीपीची गोळी चालू आहे. नातू मोबाईलवर बघून शीर्षासन करतोय, मी पण शिकू काय?

उत्तर : नको काका. शीर्षासन नको आणि गोळीही मनानं बंद करू नका. खुर्चीवर बसून हात वर-खाली करा, पावलं फिरवा, डॉक्टर हो म्हणाले तर रोज चाला. पावसाळ्यात तुमच्याकडं बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा घरातच फेऱ्या मारा, आणि नातवालाही सांगा, मान कोवळी आहे तोवर शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय उलटं उभं राहायचं नाही.