संभाव्यतेची सूत्रे पाठ आहेत, पण उदाहरण समोर आले की काही सुचत नाही. अभ्यास कसा करावा?

नाशिकच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेतले असून सूत्रे पाठ असतानाही शाब्दिक उदाहरणात नेमके कोणते लावायचे ते उमगत नाही, असे आपण लिहिले आहे. मी इथल्याच पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या शिकवण्या घेतो आणि माझ्या पाहण्यात ही अडचण बहुतेक वेळा सूत्राची नसून छेदाची असते. अंशात काय येणार हे मुले बरोबर ओळखतात; ते कशापैकी मोजायचे, हे मात्र प्रश्न वाचतानाच निसटते.

सशर्त संभाव्यतेत, म्हणजे एक घटना घडली आहे हे माहीत असताना दुसरीची संभाव्यता काढताना, हे सर्वाधिक जाणवते. द्राक्षांचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबापुरते मानलेले आहेत. निर्यातीच्या १००० खेपांपैकी २ टक्के खेपांत कीडनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आहे. प्राथमिक चाचणी अशा सदोष खेपांपैकी ९० टक्के पकडते, पण चांगल्या खेपांपैकीही ५ टक्के सदोष ठरवते. एखादी खेप चाचणीत सदोष ठरली, तर ती खरोखरच सदोष असण्याची संभाव्यता किती? वर्गात ‘९० टक्के’ हे उत्तर हमखास येते. सूत्राला हात न लावता सरळ खेपा मोजाव्यात. सदोष २०, त्यांतल्या १८ पकडल्या गेल्या. चांगल्या ९८०, त्यांतल्या ४९ विनाकारण अडकल्या. एकूण अडकल्या ६७ आणि त्यांत खऱ्या सदोष १८, म्हणजे सुमारे २७ टक्के. नव्वद टक्क्यांचा छेद २० होता, प्रश्नाचा छेद ६७ आहे. अशी काही उदाहरणे कोष्टक मांडून सोडवली की बेजचे प्रमेय (सशर्त संभाव्यता उलट दिशेने काढण्याचे सूत्र) हा याच हिशेबाचा अक्षरांतला अवतार आहे हे दिसू लागते. गाईडमध्ये बहुधा थेट सूत्रच लावलेले असते, म्हणून सुरुवातीला ते बाजूला ठेवलेले बरे.

सरासरीचेही तसेच आहे. लासलगावच्या बाजारात कांदा एका दिवशी १०० क्विंटल आला आणि २००० रुपयांनी विकला गेला, दुसऱ्या दिवशी ४०० क्विंटल आला आणि १५०० रुपयांनी गेला, असे समजा. दोन दिवसांची साधी सरासरी १७५० येते, पण एका क्विंटलमागे शेतकऱ्यांना मिळालेला दर १६०० आहे, कारण तिथे छेद दिवसांचा नसून क्विंटलांचा आहे. बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर रोज प्रसिद्ध होतात. सरावासाठी त्याहून चांगली सामग्री जिल्ह्यात शोधावी लागणार नाही.

स्वतंत्र घटना (एक घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलत नाही अशा) आणि परस्पर अपवर्जी घटना (एकत्र घडूच शकत नाहीत अशा) यांची गल्लतही लवकर निस्तरावी. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर परस्पर अपवर्जी घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत, कारण एक घडली की दुसरीची संभाव्यता शून्यावर येते.

पुढे हायपोथेसिस टेस्टिंग, म्हणजे निरीक्षणांवरून एखादे गृहीतक तपासणे, शिकताना खेपांचे उदाहरण पुन्हा काढून पाहावे. नल हायपोथेसिस (तपासायला घेतलेले मूळ गृहीतक) खरे मानल्यास हाती आलेल्या निरीक्षणाइतके किंवा त्याहून टोकाचे निरीक्षण मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. ते हायपोथेसिस खरे असण्याची संभाव्यता ती नव्हे. या दोहोंची अदलाबदल करणे म्हणजे २७च्या जागी ९० लिहिणेच होय. व्याख्या लिहिताना ‘नल हायपोथेसिस खरे मानल्यास’ हे शब्द मुले घाईत गाळतात आणि नेमका छेद तेवढ्याच शब्दांत सांगितलेला असतो.