सिस्टीमवर माल दिसतो, रॅकवर नसतो. स्टोअर, परचेस आणि प्रॉडक्शनचा मेळ कसा घालायचा?

ईआरपी (साठा, खरेदी, उत्पादन यांचा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) असूनही कधी लाइन थांबते, कधी गोडाऊन तुंबतं, असं तुम्ही विचारलंय. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. परचेसला मोठ्या ऑर्डरवर दर कमी मिळतो, प्रॉडक्शनला माल हाताशी हवा असतो, अकाउंट्सला त्यात अडकलेला पैसा दिसतो. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच असतं.

मी भोसरीत स्टोअर सांभाळायचो तेव्हा एकदा एम ८ बोल्टचे ५,००० नग सिस्टीमवर होते आणि खोकं रिकामं. रात्रपाळीने माल नेला होता, इश्यू स्लिप, म्हणजे माल बाहेर दिल्याची नोंद, ‘सकाळी करू’ म्हणून राहून गेली. त्यानंतर आम्ही रोज सकाळी १० मिनिटं रॅकपाशीच उभ्याउभ्या बोलायला लागलो. क्यूसीलाही, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्यांनाही, बोलवा, हे आवर्जून सांगतो. तपासणीत अडकलेला माल गेटच्या आत असला तरी वापरता येत नाही, आणि प्लॅनिंगवाले तो शिल्लकेत धरून बसतात.

ऑर्डर कधी टाकायची हेही मिळून ठरवा. रोजचा खप २०० नग, माल यायला ७ दिवस, राखीव २ दिवसांचा, तर शिल्लक १,८०० वर येताच ऑर्डर गेली पाहिजे. खपाचा आकडा प्रॉडक्शनने द्यायचा, दिवसांचा परचेसने. स्टोअरने एकट्याने अंदाज बांधू नये.

आणि ड्रॉइंग बदलताना डिझाइनवाल्यांनी आधी जुना साठा विचारावा. आमचा निम्मा पडून राहिलेला माल त्यातूनच साचला होता.