टेक्सासची आत्या आणि किर्गिझस्तानची सून

प्रश्न : ताई, मी एस.वाय.ला आहे, कॉलेजच्या एकांकिकेसाठी विषय शोधतेय. घरी आम्ही सगळ्या कोरियन सिरियल बघतो, पण तिथल्या खेड्यातल्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून बाहेरच्या देशातून बायका आणतात हे मला आत्ता कळलं. यावर तिकडे नाटकं झालीत का? आणि आमचे सर म्हणतात, परदेशी सुनेला मोडकंतोडकं बोलायला लाव, लाफ्टर मिळेल. मला ते पटत नाहीये. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पटत नाहीये ना, मग अजिबात करू नकोस. त्याच्याकडे येतेच, आधी नाटकाचं सांगते.

युन मी-ह्यन या लेखिकेचं 'टेक्सास गोमो' नावाचं नाटक आहे, २०१८ मधे कोरियाच्या नॅशनल थिएटर कंपनीने केलं, दिग्दर्शक छ्वे योंग-हून. गोमो म्हणजे बापाची बहीण, म्हणजे बरोब्बर आपली आत्या, मावशी नाही काकू नाही. तर ही आत्या तीसेक वर्षांपूर्वी एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून टेक्सासला गेलेली, आता परत आलीये, आणि इकडे किर्गिझस्तानातून एक तरुण मुलगी वयाने कितीतरी मोठ्या कोरियन माणसाची बायको म्हणून आलीये. एक देश सोडून गेलेली लेक आणि एक देश सोडून आलेली सून, दोघी एकाच स्टेजवर! मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, कारण कोरियन प्रेक्षकाला "ही बाहेरची" म्हणून हात झटकताच येत नाहीत, त्याच्या स्वतःच्या घरातली आत्या कुठेतरी अशीच परकी होऊन राहिलेली असते. शंभर वर्षांपूर्वी तर नुसते फोटो बघून ठरलेल्या लग्नांसाठी शेकडो कोरियन मुली बोटीने हवाईला गेल्या होत्या, उसाच्या मळ्यात राबणाऱ्या कोरियन मजुरांच्या बायका म्हणून.

मागची गोष्ट अशी की मुली शिकल्या, सोल आणि इतर शहरांत गेल्या, शेतीवाली पोरं मागे राहिली. (सोलापूरला २०२२ मधे मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा निघाला होता आठवतंय का, तेच दुखणं.) २००५ मधे कोरियात दर शंभर लग्नांत तेराच्या वर लग्नं परदेशी जोडीदाराशी झाली, आणि २००६ मधे लग्न केलेल्या शेतकरी-कोळी पुरुषांपैकी साधारण ४० टक्के लोकांची बायको परदेशी होती, व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स, कंबोडिया कुठली कुठली. एजंट लोक रस्त्याकडेला बॅनर लावायचे, "व्हिएतनामी मुली पळून जात नाहीत". हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवलं. २०१० मधे बुसानला एका विशीतल्या व्हिएतनामी मुलीला नवऱ्याने ती कोरियात आल्यावर आठव्या दिवशी मारून टाकलं, त्याला आधीपासून गंभीर मानसिक आजार होता आणि तिला कुणी ते सांगितलंच नव्हतं. मग नियम कडक झाले, आजारपण, गुन्हे हे सगळं आधी कळवायची सक्ती आली.

'पाल्ले' म्हणजे 'धुणं' हे म्युझिकल २००५ पासून चालू आहे, त्यात मंगोलियाचा एक कामगार मुलगा आहे, लग्नाचा विषय नाही पण परकेपणा तोच, जमलं तर बघ. नाटकवाल्यांचा भाग म्हणजे सोलमधलं देहांग्नो, गल्लीगल्लीत छोटी थिएटरं, आणि तिथेच ह्येह्वाच्या चर्चमधे रविवारी टागालोग या फिलिपिन्सच्या भाषेत मिसा, म्हणजे प्रार्थना होते, बाहेर फूटपाथवर फिलिपिनो बाजार भरतो. जिच्यावर नाटक चाललंय ती बाई थिएटरपासून पाच मिनिटांवर भाजी घेत असते, आणि स्टेजवर तिचं काम बऱ्याचदा कोरियन नटीच करते, तुटकं कोरियन बोलून.

म्हणून तुझ्या सरांना एवढंच सांग की ती बाई मोडकंतोडकं बोलते ती फक्त सासरच्या भाषेत. स्वतःच्या भाषेत ती भांडते, टोमणे मारते, आईशी फोनवर तासभर बोलते. तर एकांकिकेत एक प्रवेश असा ठेव की ती तिच्याच भाषेत घडाघडा बोलतेय आणि समोरचा नवरा गप्प, त्याला एक शब्द कळत नाहीये, प्रेक्षकांनाही कळू देऊ नकोस. मग बघू कोण हसतं.

'टेक्सास गोमो' करायचं तर लेखिकेची रीतसर परवानगी लागेल, त्यापेक्षा स्वतःचं लिही, पण गोष्ट कोरियातच ठेव. आणि सून किर्गिझ केलीस तर वाक्यांसाठी इंटरनेटवर विसंबू नकोस, आपल्याकडची किती मुलं बिश्केकला एमबीबीएसला आहेत, कुणी ना कुणी ओळखीत निघेलच, त्या मुलाला नाहीतर मुलीला सांग की तिथल्या एखाद्या बाईकडून आईला फोनवर बोलतात तशी दहा वाक्यं व्हॉइस नोटमधे पाठव.