मशीनचा शेक आणि त्यामागचे शिक्षण

स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातून लिहिलेले आपले पत्र मिळाले. कापूस वेचणीच्या हंगामात आपल्या पत्नीच्या मनगटात अंगठ्याच्या बाजूने कळा येऊ लागल्या, यवतमाळला मनगटाचा पट्टा आणि ‘मशीनचा शेक’ घेतल्यावर त्यांना आराम पडला आणि ते पाहून बारावी विज्ञान शाखेत असलेल्या मुलीने हेच काम शिकायचे ठरवले, असे आपण कळवले आहे. इलेक्ट्रोथेरपीचा (विजेच्या यंत्रांनी दुखण्यावर उपचार करण्याचा) सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून तिने गावातच केंद्र टाकावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तिची आवड मात्र योग्य दिशेची आहे.

यंत्र हाताळणे फारसे अवघड नसते. ‘मशीनचा शेक’ म्हणजे बहुधा अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा उपचार. त्यासाठी मनगटासारख्या उथळ भागावर सहसा ३ मेगाहर्ट्झ आणि खोलवरच्या ऊतींसाठी १ मेगाहर्ट्झ वारंवारता वापरतात. जेल लावून यंत्राचे डोके सतत फिरते ठेवावे लागते, कारण ते एका जागी थांबले तर हाडाच्या पृष्ठभागाशी उष्णता साचून रुग्णाला तीव्र वेदना होतात. एवढे कोणीही शिकेल. यंत्र कोणाला लावू नये, हे ओळखायला मात्र शरीररचना आणि रोगविज्ञान यांचा पाया लागतो. पेसमेकर बसवलेला माणूस, कर्करोगाची गाठ, वाढत्या वयातील मुलांच्या हाडांची टोके येथे चूक महागात पडते. आपल्या भागात याशिवाय कुष्ठरोगाचा विचार करावाच लागतो (वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले, ते याच रुग्णांसाठी). या रोगाने कोपराजवळची नस बाधित झाली की करंगळीकडची बोटे वाकतात आणि तेथे चटकाही कळेनासा होतो. म्हणूनच उष्णतेचा कोणताही उपचार देण्यापूर्वी रुग्णाला डोळे मिटायला सांगून गरम व गार पाण्याच्या परीक्षानळ्या आलटून पालटून त्याच्या त्वचेला टेकवतात आणि त्याला फरक सांगता येतो का, हे तपासतात.

आणखी एक स्पष्ट सांगतो. केवळ अल्ट्रासाउंडने हाताचे दुखणे बरे होते, याला संशोधनाचा आधार तोकडाच आहे. पत्नीच्या आरामात पट्ट्याचा आणि वेचणी थांबल्याचा वाटा बहुधा मोठा असावा.

तिने बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी घ्यावी. इंटर्नशिप धरून तिला साडेचार ते पाच वर्षे लागतात, महाराष्ट्रातील प्रवेश ‘नीट’ प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात आणि व्यवसायासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही पदवी आहे, तसेच ऑक्युपेशनल थेरपीचीही. हातांच्याच उपचारांत तिला रस असेल तर हा दुसरा पर्यायही तिने गांभीर्याने पाहावा, कारण हातासाठी स्प्लिंट (आधार देणारी पट्टी) बनवणे आणि रुग्णाला पुन्हा रोजची कामे करता येतील असा सराव देणे हा त्या शिक्षणाचा गाभाच आहे. जीवशास्त्र सोडू नये, नीटचा अर्ज मुदतीत भरावा आणि प्रमाणपत्रवाल्या संस्थेला तूर्त आगाऊ रक्कम देऊ नये.