तीनदा सांगितलं होतं

पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा गंगापूर रोडच्या रसवंतीवर तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. सिम्युलेटरमध्ये विमान उंच होतं, वेग जास्त होता, को-पायलटच्या जागेवरून तू ‘गो अराउंड’ म्हणालीस, म्हणजे उतरणं सोडा, विमान पुन्हा वर न्या; कॅप्टनने लक्ष दिलं नाही आणि तू गप्प बसलीस. वर मला विचारतेस, ‘काका, मी सांगितलं तर होतं ना?’ तुझा रस तसाच राहिला, बर्फ विरघळून वर पाणी आलं होतं.

सांगून काम संपत नाही गं.

मंगळूरच्या अपघाताचं तू वाचलंयस. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं बोइंग ७३७, टेकडीच्या माथ्यावरची धावपट्टी. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता, व्हॉइस रेकॉर्डरवर त्याचं घोरणं आहे. को-पायलटने गो अराउंड तीनदा सांगितलं. तीनदा! आठ हजार फुटांच्या धावपट्टीतले पाच हजारांहून जास्त फूट मागे गेल्यावर चाकं टेकली. १६६ पैकी १५८ माणसं गेली. सांगणाराही गेला. एअर मार्शल भूषण गोखल्यांच्या चौकशी अहवालाने मुख्य दोष कॅप्टनला दिलाय, पण पुढे म्हटलंय की को-पायलटने स्वतः गो अराउंड करावं की नाही याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या, म्हणून बहुधा तो सांगत राहिला आणि कंट्रोल हातात घेतले नाहीत. त्या पोराचा मला राग येत नाही, जीव तुटतो.

पण मग ७ ऑगस्ट २०२० चं कोझिकोड? पाऊस, पाठीमागून वारा, विमान धावपट्टीच्या मध्यावर टेकलं. तिथेही को-पायलट गो अराउंड म्हणाला, तिथेही ताबा घेतला नाही. २१ माणसं. दहा वर्षांत आपण काय शिकलो?

मला हे बोलायचा हक्क आहे. १९९१ साली मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला होतो. माल लवकर निघावा म्हणून पॉवर प्रेसचा गार्ड, हात आत जाऊ नये म्हणूनची जाळी, काढून ठेवलेला. शिफ्ट इन्चार्जला मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, ‘आजचा लॉट निघू दे.’ मी चहाला गेलो. परतलो तर माझ्याच गावचा पोरगा मनगट धरून उभा, रडतही नव्हता. हाताला गुंडाळलेलं कॉटन वेस्ट लाल झालेलं. दोन बोटं गेली. मशीन बंद करायचं बटण माझ्या जागेपासून चार पावलांवर होतं. चौकशीत मी म्हणालो, ‘साहेब, मी सांगितलं होतं.’ सुटलो.

त्यानंतर मी थेट बटणच दाबायचो. एकदा माझीच चूक निघाली, मशीन ठीक होतं, अख्ख्या शिफ्टसमोर बोलणी खाल्ली. बढती राहिली ती राहिलीच. तुझी काकू अजून मला हट्टी म्हणते. असेन. त्या लाइनवर पुन्हा कुणाचं बोट गेलं नाही.

तू म्हणतेस, कॅप्टन पंचवीस वर्षांनी मोठे आहेत. मग? त्याने धावपट्टी लांब होते का? मोठ्यांपुढे आवाज चढवू नये, हे तुला तुझ्या आईने शिकवलं, मीही शिकवलं. कॉकपिटमध्ये ते विसर. पहिल्यांदा सांग. दुसऱ्यांदा आकड्यासकट सांग, वेग इतका, उंची इतकी. तरी उत्तर नाही? मग ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हण आणि विमान वर ने. हे चाकं टेकायच्या आधी! मंगळूरला कॅप्टनने वेग मारायला इंजिनांचे रिव्हर्स उघडल्यावर पुन्हा उडायचा प्रयत्न केला, तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ताबा कधी घ्यायचा ते पान आहे, ते आजच काढ. इथे तरी सूचना संदिग्ध होत्या म्हणायची सोय ठेवू नकोस.

मंगळवारी पुन्हा सिम्युलेटर आहे ना? संध्याकाळी फोन कर. तू काय म्हणालीस ते मला नको, विमान वर गेलं का तेवढं सांग.

तुझा,
काका