उबंटू २२.०४ चं डीफॉल्ट पायथन ३.१० वरून ३.१२ वर कधी न्यावं?

तुमचा सर्व्हर उबंटू २२.०४ या लिनक्स सिस्टिमवर आहे, त्यात ‘पायथन३’ ही आज्ञा दिली की पायथन भाषेची ३.१० आवृत्ती चालते (हेच डीफॉल्ट), आणि नव्या प्रकल्पाला ३.१२ हवंय. डीफॉल्ट आत्ताच बदलावं की थांबावं, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: २२.०४ वर आहात तोवर डीफॉल्टला हात लावू नका. ३.१२ शेजारी वेगळं बसवा. डीफॉल्ट बदलायची वेळ म्हणजे अख्खी सिस्टिम उबंटू २४.०४ वर न्यायची वेळ. तिथलं डीफॉल्ट ३.१२ च आहे.

अपडेट-अल्टरनेटिव्हज (एका आज्ञेमागे कोणती आवृत्ती चालेल ते ठरवणारं साधन) वापरून ‘पायथन३’ ची लिंक ३.१२ कडे फिरवायचा सल्ला सगळीकडे सापडतो. ती फिरवली की ‘एपीटी अपडेट’च्या (उबंटूत पॅकेजांची यादी ताजी करणारी आज्ञा) शेवटी एरर येते: ‘एपीटी_पीकेजी’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही. मॉड्यूल डिस्कवर असतं, पण ते सी-प्लस-प्लसमधून कंपाइल केलेलं आहे आणि त्याच्या फाइलच्या नावातच ‘सीपायथन-३१०’ लिहिलेलं असतं. ३.१२ स्वतःसाठी ‘सीपायथन-३१२’ वाली फाइल शोधतं, ती नसते. याच कारणाने पॅकेजांचे नवे स्रोत जोडणारं ॲड-एपीटी-रिपॉझिटरी बंद पडतं, आणि डेस्कटॉप असेल तर ग्नोम टर्मिनलही उघडत नाही.

लिंक आधीच फिरवली असेल तर अल्टरनेटिव्हजमधली पायथन३ ची नोंद काढा आणि /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंक पुन्हा पायथन३.१० कडे वळवा. नोंद काढताना लिंकही जाऊ शकते, म्हणून दोन्ही कामं एका बैठकीत करा, मध्ये मशीन रीस्टार्ट करू नका.

डिस्ट्रो (उबंटू, डेबियनसारख्या तयार लिनक्स सिस्टिम) बनवणारे हाच बदल कसा करतात ते बघण्यासारखं आहे. डेबियनमध्ये नवी आवृत्ती आधी फक्त ‘सपोर्टेड’ म्हणून येते. मग प्रत्येक सी-एक्स्टेन्शन (वरच्यासारखं कंपाइल केलेलं मॉड्यूल) जुन्या-नव्या दोन्हींसाठी पुन्हा बिल्ड होतं, पॅकेजांच्या चाचण्या चालतात, जी पडतात त्यांवर बग नोंदले जातात. ते निस्तरल्यावरच डीफॉल्ट सरकतं, आणि जुनी आवृत्ती त्यानंतर निघते. यात महिने जातात. लिंक फिरवताना आपण यातली फक्त एक पायरी करतो, बाकीचं सगळं गाळून.

‘पण ३.१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतोय’ ही चिंता रास्त आहे, मात्र ती तारीख मूळ पायथन प्रकल्पाची. उबंटू आपल्या मुख्य पॅकेजांना पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या देतं, म्हणजे २२.०४ ला २०२७ पर्यंत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चं ३.६ हेच दाखवतं: मूळ सपोर्ट २०२१ अखेर संपला, रेड हॅट मात्र त्याला दुरुस्त्या देत राहिलं. त्यांनी सिस्टिमच्या कामाचं पायथन ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ या नावाने बाजूलाच ठेवलं. ही रचना मला फार पटते.

नव्या प्रकल्पासाठी पायेन्व्ह किंवा यूव्ही (पायथनच्या आवृत्त्या वेगळ्या बसवणारी साधनं) वापरा, किंवा सोर्समधून बिल्ड करा. सोर्समधून करताना आधी लिबएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय आणि एसक्यूलाइट या लायब्रऱ्यांची ‘डेव्ह’ (बिल्डसाठी लागणारी) पॅकेजं टाका. लिबएसएसएलचं राहिलं तर बिल्ड न अडता पूर्ण होतं, पण सुरक्षित जोडणीचं एसएसएल मॉड्यूल बनतच नाही आणि पुढे पिपला (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) काहीच डाउनलोड करता येत नाही. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ नाही, ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’. पहिलं /यूएसआर/लोकल/बिनमध्ये पायथन३ नावाची लिंक टाकतं, आणि पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) ती जागा आधी येत असल्याने ‘एन्व्ह पायथन३’ने सुरू होणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट नकळत नव्यावर जातात. दुसरं फक्त पायथन३.१२ ठेवतं.

आता २४.०४ वर कधी जायचं? एका एलटीएसवरून (दीर्घ सपोर्टची आवृत्ती, जशी २२.०४ किंवा २४.०४) पुढच्या एलटीएसवर जायचं आमंत्रण उबंटू स्वतःच नव्या आवृत्तीचा पहिला पॉइंट रिलीज (दुरुस्त्यांसह आलेली २४.०४.१ सारखी प्रत) झाल्यावर देतं, त्याआधी घाई नको. तो तर २०२४ मध्येच झाला, त्यामुळे खरा प्रश्न तुमच्या कोडचा आहे. शेजारी बसवलेल्या ३.१२ वर तीन गोष्टी तपासा. एक, पिपला फक्त तयार बायनरी घ्यायला सांगून सगळ्या डिपेन्डन्सी (तुमच्या कोडला लागणारी पॅकेजं) बसवून बघा. जिथे अडेल ते पॅकेज एकतर मागे पडलंय किंवा तुम्हाला कंपाइल करावं लागणार. दोन, तुमच्या कोडमध्ये डिस्टयूटिल्स, आयएमपी, असिंककोर ही मॉड्यूलं शोधा: ३.१२ मधून ती काढली आहेत. शिवाय नव्या व्हेन्व्हमध्ये (एका प्रकल्पापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) सेटअपटूल्स हे पॅकेज आपोआप येत नाही, त्यामुळे त्यातलं पीकेजी_रिसोर्सेस वापरणारा जुना कोड पहिल्याच ओळीत पडतो. तीन, डेप्रिकेशन वॉर्निंगना (‘हे पुढे काढलं जाणार’ अशा सूचना) एरर मानून चाचण्या चालवा, म्हणजे ३.१३ मध्ये निघालेली सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब ही मॉड्यूलंही आत्ताच हाती लागतील. तिन्ही सुरळीत झालं की तारीख ठरवा.

अपग्रेडच्या आधी प्रत्येक व्हेन्व्हमध्ये ‘पिप फ्रीझ’ करून बसवलेल्या पॅकेजांची यादी फाइलमध्ये ठेवा. बरेच जण इथेच फसतात. सिस्टिमच्या पायथनवरून बनवलेल्या व्हेन्व्हमधलं पायथन म्हणजे /यूएसआर/बिन/पायथन३ कडे जाणारी लिंक. अपग्रेडनंतर ती ३.१२ वर जाते, पॅकेजं मात्र ‘लिब/पायथन३.१०’ फोल्डरमध्येच राहतात, आणि ॲप म्हणतं एकही मॉड्यूल नाही. व्हेन्व्ह दुरुस्त करत बसू नका, काढून यादीवरून नवा बनवा. २४.०४ वर व्हेन्व्हबाहेर पिप चालवलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ अशी एरर येईल. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन ती टाळू नका, कारण त्याने पुन्हा सिस्टिमच्याच पायथनमध्ये ढवळाढवळ होते. क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टही बघून घ्या, त्या बऱ्याचदा व्हेन्व्हबाहेरच चालत असतात.